कोसंबींची गृहत्याग-मीमांसा

वर्धा जिल्ह्यात धर्मानंद कोसंबी यांचे नाव निघाले की प्रथम आठवतो तो त्यांचा मृत्यू. जून १९४७ मध्ये सेवाग्राम आश्रमात अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला. गांधीजींच्या आश्रमाशी जडलेल्या या स्मृतीमुळे आपल्यातील काही वाचक त्यांचे ग्रंथ हाती घेण्यास कचरतात. आम्हांस हे योग्य वाटत नाही. ग्रंथाची परीक्षा त्यातील प्रमाणांवरून करावी, ग्रंथकाराच्या मुक्कामावरून नव्हे.

'भगवान बुद्ध' (१९४०-४१) या त्यांच्या ग्रंथातील गृहत्यागाची मीमांसा आम्ही सर्वांत मोलाची मानतो. वृद्ध, रोगी, मृत व परिव्राजक या चार निमित्तांची कथा निदानकथेत आणि ललितविस्तरात सिद्धार्थाविषयी येते. दीघनिकायातील महापदान सुत्तात मात्र ती विपस्सी बुद्धाची आहे. मध्यरात्रीच्या पलायनाचीही तीच गत. अरियपरियेसन सुत्तात मातापिता अश्रू ढाळीत असताना बोधिसत्त्व घर सोडतो. मग कारण कोणते? कोसंबी सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्ताकडे वळतात. अल्प पाण्यातील माशांप्रमाणे तळमळणारी, परस्परांशी झगडणारी माणसे पाहून उपजलेला संवेग तथागत तेथे स्वमुखाने सांगतात. त्यास रोहिणीच्या पाण्यावरून पेटलेल्या शाक्य-कोलियांच्या कलहाची जोड देऊन कोसंबींनी गृहत्यागाचा अर्थ लावला.

येथे एक आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे. अट्ठकथांत रोहिणीचा कलह बुद्धत्वप्राप्तीनंतरचा असून तथागत स्वतः जाऊन तो मिटवितात. तो पूर्वायुष्यात नेणे हे अनुमान होय. अनुमान असंभवनीय नाही; पाण्याचे तंटे एका हंगामात मिटत नाहीत, हे विदर्भातील शेतकऱ्यास सांगावयास नको. परंतु सुत्ताचे प्रमाण आणि अट्ठकथेवरून बांधलेला तर्क यांतील सीमारेषा वाचकास स्पष्ट दिसावयास हवी.

बाबासाहेबांनीही 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' (मूळ इंग्रजी, १९५७) या ग्रंथात चार निमित्तांची कथा नाकारली. एकोणतीस वर्षांच्या तरुणाने तोवर म्हातारा वा रोगी पाहिलाच नव्हता, हे बुद्धीस पटण्याजोगे नाहीच. त्यांच्या निवेदनात शाक्य संघ आहे, युद्धाचा ठराव आहे, बहुमत आहे, कुटुंबावर बहिष्कार घालण्याची व शेते जप्त करण्याची धमकी आहे. बहिष्कार म्हणजे काय हे ज्याने भोगले, त्यालाच गृहत्यागातील हा पेच दिसावा, हे स्वाभाविक होय. पुढे शाक्य-कोलियांत समेट झाल्याची वार्ता येते, तरीही सिद्धार्थ परतत नाही. कारण राष्ट्राराष्ट्रांतील युद्ध प्रासंगिक असते, वर्गावर्गांतील संघर्ष मात्र नित्याचा असतो, हे त्यास उमगते.

कोसंबींची मीमांसा शस्त्राच्या भयापाशी थांबते. जातिभेदावर त्यांनी याच ग्रंथात स्वतंत्र प्रकरण लिहिले, आणि ते साधार आहे; गृहत्यागाच्या कारणांशी मात्र त्याचा सांधा त्यांनी जोडला नाही.