त्रंकांचा ‘हात’

चेकोस्लोव्हाकियाचे यिर्झी त्रंका यांनी १९६५ साली केलेला ‘हात’ हा अठरा मिनिटांचा बाहुलीपट. नायक कुंभार. त्याला आपल्या गुलाबासाठी कुंडी घडवायचीय. हातमोजा घातलेला एक प्रचंड हात मात्र स्वतःचाच पुतळा मागतो.

मी मूळचा इंजिनिअर, त्यामुळे आधी रचना बघतो. बाहुली एरवीही कुणाच्या तरी हातानेच हलते. त्रंकांनी तो लपलेला हातच पडद्यावर आणला, तोही खराखुरा, माणसाचा. माझ्या मते रूपक इथंच आहे.

कुंभार मरतो तो हाताच्या तडाख्याने नव्हे. भीतीने दारं-खिडक्या ठोकून बसलेला असताना त्याचीच कुंडी डोक्यात पडते. मग तोच हात त्याला इतमामाने निरोप देतो.

त्रंका १९६९ मध्ये गेले. त्यानंतर राजवटीने या चित्रपटावर बंदी घातली. म्हणजे हाताने स्वतःला बरोबर ओळखलं होतं!