कोलकात्याचा रॉक : पार्क स्ट्रीटच्या पलीकडे

नव्या शहराचा रॉक शोधायला निघालं की माणूस आधी दिव्यांच्या झगमगाटाकडे जातो. कोलकात्यात आम्हीही तेच केलं, थेट पार्क स्ट्रीट गाठला. त्यात चूक नाही. मुंबईत वाढलेल्या उषा अय्यर, म्हणजे पुढच्या उषा उथुप, इथल्याच ट्रिंकाजमध्ये साडी नेसून इंग्रजी गाणी गात होत्या. पण तेवढ्यालाच शहराचा वारसा म्हणायचं, तर हे शहर स्वतःच्या भाषेत कधी गायलं, हा प्रश्न उरतोच.

त्याचं उत्तर ‘मोहीनेर घोडागुली’. मराठीत सांगायचं तर ‘महीनचे घोडे’. सत्तरच्या दशकाच्या मध्यात गौतम चट्टोपाध्याय आणि त्यांच्या सोबत्यांनी हा बँड काढला. नाव घेतलं जीवनानंद दास यांच्या कवितेतून. गौतम नक्षलवादी चळवळीत होते, तुरुंगात जाऊन आले होते. १९७७ साली पहिली तबकडी आली. तिच्या नावातच अस्वस्थ पाखरं आहेत आणि कोलकाता आहे. बाउल, जॅझ आणि रॉक, तिन्ही एका गाण्यात!

आता परखड बोलू. त्या तबकड्यांचं ध्वनिमुद्रण आज कानाला पातळ लागतं, आवाज एकमेकांत मिसळून जातात. तरीही आम्ही त्यांना थोर मानतो. का? परदेशी गाण्याची हुबेहूब नक्कल करणं कौशल्याचं काम आहे, पण त्यात आपल्या गल्लीतली बेचैनी येत नाही. या मंडळींनी गिटारला बंगाली बोलायला लावलं. श्रोत्यांना मात्र ते तेव्हा पचलं नाही. १९८१च्या सुमारास बँड थांबला.

१९९५ साली ‘आबार बोछोर कुडी पोरे’ हा संग्रह आला आणि नवी पिढी वेडी झाली. ‘पृथिवी’ हे गाणं त्यातलंच. तुम्ही म्हणाल, आम्ही नाही ऐकलं. ऐकलंय, बरं का! २००६च्या ‘गँगस्टर’मधलं ‘भीगी भीगी’ आठवा. चाल तीच.

इथे एक गफलत होते. लोक १९९५चं गाणं ऐकतात आणि सत्तरचं दशक ऐकलं असं समजतात. त्या संग्रहात तर इतर तरुण गायकांचीही गाणी आहेत. म्हणजे हा वारसा जपून ठेवलेला नव्हता. वीस वर्षांनी गौतम यांनी तरुणांना सोबत घेऊन तो पुन्हा उभा केला. १९९९ साली ते गेले. चार वर्षं उशीर झाला असता, तर?

म्हणून आमची विनंती एवढीच. आधी १९७७ ऐका, मग १९९५. आणि कोलकात्याहून घरी परतलात की आपल्या गावातही विचारा : इथे आपल्या भाषेत गिटार कुणी वाजवली होती? ज्यांना आठवतंय, ती माणसं आहेत तोवरच विचारा.