संग्रहपालांचा गौरव

धुळ्याच्या इतिहाससंशोधनाचा विषय निघाला कीं दोन नांवें प्रथम ओठांवर येतात, आणि त्या दोहोंसही महाराष्ट्रानें उपपदें बहाल केलेलीं आहेत. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांस आपण इतिहासाचार्य म्हणतों. शंकर श्रीकृष्ण देव यांस समर्थहृदय म्हणतों. दोन्ही उपपदें यथार्थ आहेत. परंतु तीं जरा थांबून वाचलीं म्हणजे ध्यानांत येतें कीं, एक विद्वत्तेस दिलेलें आहे व दुसरें भक्तीस. या दोघांनीं मिळविलेले कागद वाळवीपासून, कसरीपासून, पावसाळ्याच्या ओलीपासून आणि ‘चार दिवसांत परत करितों’ असें सांगून नेणाऱ्या सज्जनांपासून ज्यांनीं राखिले, त्यांच्या कामास मराठींत उपपद नाहीं. संग्रहालयांच्या व्यवसायांत असामान्य कामगिरी करणारांचा सन्मान कसा व कोणत्या कसोटीनें करावा, या प्रश्नाचा विचार करूं लागतांच आम्हांस ही उणीव प्रथम जाणवते.

हें काम डोळ्यांत भरणारें नाहीं, ही त्याची पहिली अडचण. गवयाची बैठक रंगली कीं श्रोते मान डोलावतात. कवीचें पुस्तक बाहेर पडलें कीं त्याची वाहवा वा निंदा होते. संग्रहपालाचें यश मात्र असें कीं, पन्नास वर्षांपूर्वीं जो कागद जसा होता तसाच तो आजही आहे. कांहीं बिघडलें नाहीं, हेंच त्याचें कर्तृत्व. आणि न घडलेल्या गोष्टीबद्दल टाळ्या वाजविण्याची रीत आपल्यांत नाहीं.

राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास वारले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १९२७ च्या आरंभीं, भास्कर वामन भट व त्यांचे सहकारी यांनीं त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ उभें केलें. शोकसभा भरवून व ठराव मांडून घरीं जाणें सोपें होतें. या मंडळींनीं कागदांची जबाबदारी घेतली. पुढें १९३७ सालीं राजवाड्यांचा मराठी धातुकोश आणि १९४२ सालीं नामादिशब्दव्युत्पत्तिकोश हे दोन्ही ग्रंथ कृ. पां. कुलकर्णी यांच्या संपादनानें बाहेर पडले. कर्त्याच्या मरणानंतर सोळा वर्षांनीं त्याचा कोश छापला जातो, याचा अर्थ सोळा पावसाळे त्याचीं टिपणें कोणीतरी कोरडीं व क्रमवार ठेविलीं. मुखपृष्ठावर कर्त्याचें नांव आहे, संपादकाचें आहे, आणि तें तसें असणेंच योग्य. पण तिसऱ्या नांवाची जागा मोकळी आहे. १९९० नंतरच्या दशकांत मु. ब. शहा यांच्या संपादकत्वाखालीं राजवाड्यांचें समग्र साहित्य तेरा खंडांत निघालें, तेव्हां ही मोकळी जागा सत्तर वर्षांची झाली होती.

देवांची हकीकत आम्हांस याहून बोधप्रद वाटते, म्हणून तिजवर थोडें अधिक रेंगाळतों. धुळ्याच्या सत्कार्योत्तेजक सभेची स्थापना १८९३ ची. वकिली करीत असतां देवांनीं रामदासी मठ पालथे घातले. डोमगांवच्या मठांतील कल्याणांच्या हातच्या प्रतीवरून त्यांनीं १९०५ सालीं दासबोध छापिला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. बाडांमागून बाडें धुळ्यास आलीं. श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरांत तीं ठेविलीं गेलीं. समर्थांच्या हस्ताक्षरांतील म्हणून मानली जाणारी वाल्मीकिरामायणाची प्रत तेथेंच आहे. दर्शनास येणारा मनुष्य त्या रामायणापुढें हात जोडतो, आणि त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु संतवाङ्मयावरील शोधग्रंथ ज्यांनीं चाळले आहेत त्यांस आठवत असेल कीं, तळटीपांतून ‘धुळें, बाड क्रमांक अमुक’ अशा खुणा जागोजाग येतात. तो क्रमांक हें आमच्या मतें देवांच्या परंपरेचें खरें कीर्तिचिन्ह होय. ज्या दिवशीं बाडास क्रमांक मिळाला त्या दिवशीं तें एका मठाचें, एका घराण्याचें, एका संग्राहकाच्या मर्जीचें राहिलें नाहीं. पुण्याचा, नागपुराचा किंवा परदेशचा अभ्यासक तें नांवानिशीं मागूं शकतो, आणि पहिल्याचें वाचन चुकलें असेल तर दुसरा तेंच पान उघडून तसें दाखवूं शकतो. मिळविण्याच्या कामांत उत्साह लागतो, प्रवास घडतो, गोष्टी सांगण्याजोगे प्रसंग येतात. क्रमांक घालण्याच्या कामांत यांपैकीं कांहींच नाहीं. दुपारच्या वेळीं एका मेजाशीं बसून धूळ झटकावी, पानें मोजावीं, आरंभ व अखेर टिपावी आणि पुढचें बाड घ्यावें, इतकेंच.

आतां सरकारी सन्मानांकडे पाहूं. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयाचे संचालक डॉ. मोतीचंद्र यांस १९६६ सालीं पद्मभूषण मिळालें. पण त्यांचें नांव घेतांच लोकांस त्यांचे प्राचीन वेषभूषेवरील व व्यापारी मार्गांवरील ग्रंथ आठवतात, म्हणजे येथेंही विद्वत्ताच पुढें आली. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांस १९८० सालीं पद्मश्री दिली. त्यांनीं अडकित्ते, दिवे, दौती, दरवाजे यांचें अपूर्व भांडार जमविलें, त्यास आपल्या अकालीं गेलेल्या मुलाचें नांव दिलें, व १९७५ सालीं तें सारें राज्य सरकारच्या हवालीं केलें. तो गौरव संग्राहकाच्या ध्यासाचा आणि दात्याच्या औदार्याचा होता. मोतीचंद्रांच्याच संग्रहालयाचें संचालकपद वीस वर्षांहून अधिक काळ सांभाळणारे सदाशिव गोरक्षकर यांस २००३ सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां प्रथम आम्हांस वाटलें कीं या व्यवसायास व्यवसाय म्हणून कोणी ओळखलें. पण हे तिन्ही सन्मान मुंबई-पुण्याचे आणि तिन्ही प्रमुखांचे. दालनाच्या मागल्या खोलींत जो नोंदवही लिहितो, त्याच्यापर्यंत ही दृष्टि पोंचलेली नाहीं.

युरोपांत १९७७ पासून वर्षांतील उत्तम संग्रहालयास पारितोषिक देण्याची चाल केनेथ हडसन या इंग्रज गृहस्थांनीं पाडली. तींत परीक्षक स्वतः जाऊन संग्रहालय पाहतात आणि तें सामान्य माणसास काय देतें याचा विचार करितात. अर्जाबरोबर जोडलेल्या छायाचित्रांवरून निकाल लावण्यापेक्षां ही रीत केव्हांही बरी. तथापि प्रेक्षकाच्या पायांनीं चालणारा परीक्षक प्रेक्षक जेथवर जातो तेथवरच जाणार, हें तिचें वैगुण्य आहे.

खानदेशांतच याची प्रचीति पाहावयाची तर जळगांवास जावें. तेथील गांधीतीर्थ भवरलाल जैन यांच्या पुढाकारानें उभें राहिलें व २५ मार्च २०१२ रोजीं तत्कालीन राष्ट्रपति प्रतिभाताई पाटील यांच्या हस्तें उघडलें गेलें. संपन्न उद्योगाचें पाठबळ, टेकडीवरची प्रशस्त इमारत, नव्या साधनांनीं मांडलेलें गांधीजींचें चरित्र, हें सर्व प्रशंसनीय आहे आणि त्याची प्रशंसा होतेही. परंतु बाहेर पडणारा प्रेक्षक इमारतीविषयीं व संस्थापकांविषयीं बोलतो. जुन्या कागदांचें जतन व त्यांच्या प्रती यंत्रावर उतरविणें हें जें काम त्याच छपराखालीं चालतें, तें त्याच्या बोलण्यांत येत नाहीं. त्याच शहरांत जुन्या चौधरी वाड्यांत बहिणाबाईंच्या स्मृतीचें संग्रहालय आहे. घरगुती वस्तूंचा संग्रह राखणें हें आमच्या मतें राजदरबारच्या तलवारी राखण्यापेक्षां कठीण. तलवार मुकी असली तरी भारदस्त दिसते. जातें कोणाचें, कोणत्या घरचें, हें लिहून ठेविलें नाहीं तर तो नुसता दगड. (बहिणाबाईंच्या ओव्या आज आपल्या हातीं आहेत त्या तरी कशा? सोपानदेवांनीं व त्यांचे मावसबंधू पीतांबर चौधरी यांनीं त्या ऐकतां ऐकतां उतरून घेतल्या म्हणून. अत्र्यांची प्रस्तावना सर्वांस ठाऊक आहे. पीतांबरांची लेखणी किती जणांस?)

म्हणून आमची सूचना अशी कीं, संग्रहालयांच्या कामासाठीं पारितोषिक द्यावयाचें असेल तर परीक्षकांनीं दालनांत शिरण्यापूर्वीं नोंदवही मागावी. तींतला एक क्रमांक मनाला येईल तसा निवडावा आणि ती वस्तु मेजावर येण्यास किती वेळ लागतो तें घड्याळांत पाहावें. ती आली म्हणजे नोंदींतील वर्णन तिच्याशीं जुळतें कीं नाहीं, रुमाल शेवटचा केव्हां सोडला होता, ती कोठून व कोणाकडून आली हें लिहिलें आहे कीं नाहीं, हें विचारावें. भाषणें मागाहून होतील. या परीक्षेंत पुष्कळ भव्य दालनें नापास होतील आणि एखादें दोन खोल्यांचें तालुक्याचें संग्रहालय वर येईल, अशी आमची अटकळ आहे.

राहिला प्रश्न सन्मान कोणत्या रूपानें करावा हा. शाल व श्रीफळ यांवर आमचा राग नाहीं. पण शालीस कसर लागते. याहून चांगला नमुना खानदेशांतच दगडावर कोरलेला आहे. चाळीसगांवाजवळच्या पाटण येथील शके ११२८ चा शिलालेख प्रथम उजेडांत आणला तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं, ज्यांचें नांव आज मुंबईच्या एका संग्रहालयास आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांचे ग्रंथ शिकविले जावे म्हणून पाटणास मठ स्थापिला. त्यास निकुंभ कुळांतील सोइदेवानें जें दिलें तें त्यांत नमूद आहे. पदवी दिल्याचा त्यांत उल्लेख नाहीं. गांवांत विकल्या जाणाऱ्या मालावर राजाचा जो हक्क होता तो मठास लावून दिला, आणि जितके तेलाचे घाणे चालतील तितक्यांनीं प्रत्येकीं एक एक पळी तेल द्यावें असें ठरविलें. विद्येचा गौरव करितांना दिव्याच्या तेलाची तरतूद करणारा तो मांडलिक आमच्या पारितोषिक समित्यांपेक्षां व्यवहारज्ञ होता यांत शंका नाहीं. आज त्या पळीचा हिशेब मांडावयाचा तर तो असा होईल: बाडें बांधण्यास दरसाल नवें कापड, पावसाळ्यांत कोरडी राहील अशी एक खोली, कसर काढण्याचें सामान, आणि मोडी वाचतां येणाऱ्या एका तरुण मदतनिसाचा बारा महिन्यांचा पगार, जेणेंकरून वृद्ध संग्रहपाल निवृत्त होण्यापूर्वीं कोणता रुमाल कोणत्या फळीवर आहे हें तो त्यांच्याजवळ बसून शिकून घेईल.