‘स्क्रॅम’ : पळ म्हणता म्हणता थांब

काही क्रियापदं जन्मतःच आज्ञार्थी असतात. इंग्रजीतलं ‘स्क्रॅम’ त्यातलंच एक. व्याकरणाने त्याची सगळी रूपं होतात, पण बोलणारा ते बहुतेक वेळा समोरच्याला हाकलायलाच वापरतो. अमेरिकन बोलीत ते १९२८च्या सुमारास छापील दिसू लागलं. ‘स्क्रॅम्बल’, म्हणजे धडपडत जाणं, याचं ते आखूड रूप असावं असं काही कोशकार म्हणतात, तर काही जण जर्मन बोलीतल्या ‘निघ इथून’ अशा अर्थाच्या क्रियापदाकडे बोट दाखवतात. निकाल लागलेला नाही.

मराठीत त्याला जोड शोधायला गेलं तर शब्दांची रांग लागते. पोबारा करणे, धूम ठोकणे, काढता पाय घेणे, सुंबाल्या करणे. पण हे सगळे पळालेल्या माणसाबद्दल मागाहून सांगायचे शब्द. तोंडावर फेकायचे शब्द वेगळे: फूट, सटक, कल्टी मार. ‘स्क्रॅम’ या दुसऱ्या रांगेतलं आहे. त्याचा उच्चार करून पाहा. सुरुवातीला स, क, र यांची दाटी, मग उघडा ‘ॲ’ आणि शेवटी ‘म’वर ओठ मिटतात. बोलणं संपलं, आता उत्तर नको, असं तो ‘म’ परस्पर सांगून टाकतो.

हाच शब्द इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या बोलीत फार आधीपासून आहे आणि तिथे त्याचा अर्थ उलटा आहे. थंडीने हातपाय आखडून बधिर झालेल्या माणसाला तिथे ‘स्क्रॅम्ड’ म्हणतात. या दोन शब्दांचं नातं कोणी सिद्ध केलेलं नाही. एकात पाय सुटतात, दुसऱ्यात गारठून जागीच राहतात. ही दोन टोकं लक्षात ठेवायची, कारण या शब्दाचा तिसरा अर्थ दोन्हींच्या मधून वाट काढतो. तो पाहायला आपल्याला दूर जायचं नाही. बोईसर स्टेशनवर उतरायचं आणि पश्चिमेला समुद्राकडे निघायचं.

तारापूरच्या अणुवीज केंद्राची पहिली दोन युनिटं अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने बांधून दिली. ८ मे १९६४ला करार झाला, २८ ऑक्टोबर १९६९ला व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली आणि जानेवारी १९७०मध्ये इंदिरा गांधींनी केंद्र राष्ट्राला अर्पण केलं. भारतातली ही पहिली अणुवीज. यंत्रांबरोबर त्यांची भाषाही जहाजातून आली. उकळत्या पाण्याच्या या अमेरिकन अणुभट्ट्यांच्या भाषेत भट्टी तातडीने बंद करण्याला म्हणतात ‘स्क्रॅम’. शिकागोच्या गल्लीतला शब्द मच्छीमारांच्या दांडी, घिवली, उच्छेळी या गावांशेजारच्या कंट्रोल रूममध्ये येऊन बसला तो असा.

शिकागो उगाच म्हटलं नाही. २ डिसेंबर १९४२ला तिथल्या विद्यापीठाच्या स्टेडियमखाली, एका स्क्वॉश कोर्टात, एन्रिको फर्मी आणि सहकाऱ्यांनी ग्रॅफाइट आणि युरेनियम रचून जगातली पहिली मानवनिर्मित, स्वतःच्या बळावर टिकणारी साखळी अभिक्रिया चालवली. ती आवरायला कॅडमियमचे दांडे होते, कारण कॅडमियम न्यूट्रॉन गिळतं. एक दांडा हाताने ओढायचा, एक आपोआप आत जाणारा. एक दोराला टांगलेला, आणि नॉर्मन हिलबेरी नावाचे शास्त्रज्ञ कठड्याशी कुऱ्हाड घेऊन उभे. बाकी सारं फसलं तर त्यांनी दोर तोडायचा. त्याहीवर एक टोळी कॅडमियमयुक्त द्राव घेऊन तयार.

या कुऱ्हाडीतून एक झकास दंतकथा निघाली. ‘सेफ्टी कंट्रोल रॉड ॲक्स मॅन’, म्हणजे सुरक्षा दांड्याचा कुऱ्हाडवाला, याची आद्याक्षरं जुळवून ‘स्क्रॅम’ झालं म्हणे. अभियंते ती आजही रंगवून सांगतात. खुद्द हिलबेरींनी मात्र पुढे एका पत्रात लिहिलं की ही उपाधी आपल्याला कित्येक वर्षांनी कळली. दुसरी हकीकत साधी आहे. आणीबाणीचं बटण बसवताना कोणीतरी विचारलं, हे दाबल्यावर करायचं काय? वोल्नी विल्सन या शास्त्रज्ञाने उत्तर दिलं ते त्या काळच्या चालू बोलीत: इथून सटकायचं. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाच्या इतिहासकाराने जुन्या आठवणी तपासून हीच हकीकत जास्त विश्वासार्ह ठरवली आहे. आद्याक्षरांची कथा नीटनेटकी आहे आणि तिथेच ती संशयास्पद ठरते. शब्द समितीच्या बैठकीत कमी आणि थट्टेत जास्त जन्मतात.

२ डिसेंबरलाच जेवणाच्या आधी एक गंमत झाली. आपोआप पडणाऱ्या दांड्याची मर्यादा फार खाली लावली होती, त्यामुळे तो धाडकन आत आला आणि सगळं थांबलं. आजच्या भाषेत हा स्क्रॅमच. फर्मी म्हणाले, भूक लागली आहे, जेवायला चला. पळालं कोणीच नाही, सगळे जेवायला गेले. ‘पळ’ या अर्थाचा शब्द आणि शांतपणे थांबलेलं यंत्र यांची फारकत इथेच सुरू झाली.

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांत या शब्दाची मेहनत जवळून बघण्यासारखी आहे. इथे नियंत्रणाची पाती खालून वर शिरतात. म्हणजे गुरुत्वाकर्षण मदतीला येत नाही, उलट आडवं येतं. म्हणून दाबाखालच्या पाण्याच्या जोरावर ती काही सेकंदांत वर ढकलली जातात. झडपांची रचना अशी की वीज गेली तर त्या उघडतात आणि पाती आत जातात. चालू ठेवायला हुकूम सतत द्यावा लागतो, हुकूम थांबला की भट्टी थांबते. आज्ञार्थी क्रियापदाचं यंत्राने याहून चांगलं रसग्रहण केलं नसतं.

शेजारीच, त्याच कुंपणात, ५४० मेगावॅटच्या तिसऱ्या आणि चौथ्या युनिटांची बोली वेगळी आहे. २००५ आणि २००६मध्ये सुरू झालेल्या या भट्ट्या जड पाण्याच्या, कॅनडाकडून आलेल्या आणि पुढे देशात वाढवलेल्या घराण्यातल्या. तिथे शब्द ‘ट्रिप’. त्यांच्या बंद करण्याच्या दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत: एकीत कॅडमियमचे दांडे वरून पडतात, दुसरीत गॅडोलिनियम नायट्रेटचं द्रावण जड पाण्यात सोडलं जातं. शिकागोचा टांगता दांडा आणि द्रावाची टोळी इथे भेटतात, शब्द मात्र मागे राहिला.

‘ट्रिप’ आपल्याला घरचा आहे. तारापूर एमआयडीसीत फीडर ट्रिप होतो, बॉयलर ट्रिप होतो आणि शाळेची ट्रिप केळव्याला जाते. ठेच लागणं, फेरफटका, खिटी सुटणं, असा त्याचा संसार पसरलेला. ‘स्क्रॅम’ला आपल्याकडे असा संसार नाही. तो एका खोलीत, एका बटणाशी बांधलेला आहे. मराठीत दोघांना पुरून उरेल असा शब्द ‘सटकणे’. माणूस सटकतो, खिटीही सटकते आणि कधी डोकंही. विल्सनची थट्टा मराठीत झाली असती तर अभियंत्यांना आद्याक्षरं जुळवायची गरजच पडली नसती.

मराठी वाक्यात शिरताना हा शब्द आणखी एक फरक उघड करतो. ‘रिॲक्टर स्क्रॅम झाला’ आणि ‘रिॲक्टर स्क्रॅम केला’. पहिल्यात यंत्रणेने स्वतः धोका ओळखला, दुसऱ्यात माणसाने बटण दाबलं. इंग्रजीत यासाठी सहसा ‘ऑटोमॅटिक’ किंवा ‘मॅन्युअल’ असं विशेषण लावतात. आपल्याकडे होणे आणि करणे एवढ्यावर भागतं, आणि चौकशीत पहिला प्रश्न तोच असतो.

पण या शब्दातला सगळ्यात मोठा बदल बटण दाबल्यानंतरचा आहे. साखळी अभिक्रिया थांबली तरी इंधनातली किरणोत्सारी द्रव्यं उष्णता देतच राहतात, सुरुवातीला पूर्ण क्षमतेच्या साधारण सहा-सात टक्के. तारापूरच्या जुन्या युनिटची मूळ क्षमता २१० मेगावॅट विजेची, म्हणजे त्याच्या तिपटीइतकी उष्णता. तिचे सहा-सात टक्के म्हणजे चाळीसेक मेगावॅट. ती कमी होत जाते, पण दिवसचे दिवस काढत राहावी लागते. ११ मार्च २०११ला फुकुशिमा दाईइची इथल्या चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या भूकंपानंतर बिनचूक स्क्रॅम झाल्या. अनर्थ झाला तो त्सुनामीने थंडाव्याची वीज हिरावल्यामुळे. तिथलंही पहिलं युनिट जनरल इलेक्ट्रिकच्याच घराण्यातलं, त्यामुळे ती बातमी तारापुरात जरा जास्त बारकाईने वाचली गेली. भूकंप जाणवताच भट्टी आपोआप बंद व्हावी ही शिफारस त्यानंतर आपल्याकडेही झाली. नोव्हेंबर २०१८पासून धुंदलवाडी, तलासरी भागात जमीन वारंवार हादरू लागली आणि लोक घराबाहेर तंबूत झोपले, तेव्हा पालघर जिल्ह्याला या शिफारशीचं मोल वेगळं सांगावं लागलं नाही.

म्हणजे ‘पळ’ म्हणणाऱ्या या शब्दानंतर कोणीच पळायचं नसतं. ऑपरेटरने खुर्ची सोडायची नाही. आणीबाणीत गावकऱ्यांनाही पहिली सूचना असते ती घरात थांबण्याची, दारं-खिडक्या लावून घेण्याची. जुन्या अर्थाने घर सोडावं लागलं ते अक्करपट्टी आणि पोफरणच्या लोकांना. तिसऱ्या-चौथ्या युनिटांसाठी ही गावं उठवली गेली, तेव्हा ना गजर वाजला होता ना दांडे पडले होते. शब्दकोशातला पहिला अर्थ तारापुरात कुठे लागू पडला असेल तर तो इथे. कंट्रोल रूमने टाकून दिलेला अर्थ गावाच्या वाट्याला आला.

म्हणून या क्रियापदाबद्दल माझा निवाडा असा: उगमाशी इतकं बेइमान आणि कामाशी इतकं इमानी क्रियापद इंग्रजीत क्वचित सापडेल. डेव्हन-डॉर्सेटच्या ‘गारठून थांबणं’ या अर्थाशी ते नकळत जास्त जवळ गेलं आहे, फक्त गारठा आपोआप येत नाही, आणावा लागतो. तेव्हा यापुढे तारापूरच्या बातमीत ‘स्क्रॅम’ वाचलंत तर घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. भट्टी थांबली, एवढंच त्या शब्दाने सांगितलं. तुम्ही विचारायचा प्रश्न पुढचा: थंड करणारं पाणी चालू आहे ना?