अर्ध्या हळकुंडाने पिवळे

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हळदीचा तक्ता हमखास असतो. एका बाजूला हळकुंडाचे चित्र, दुसऱ्या बाजूला गुणांची यादी : जंतुनाशक, रक्त शुद्ध करणारी, सांधेदुखीवर उपयुक्त, कर्करोगावर गुणकारी. तळाशी ठळक अक्षरांत एक वाक्य : 'हे आता अमेरिकेनेही मान्य केले आहे.' तक्ता विद्यार्थ्याने रंगवलेला असतो, पण मजकूर मोठ्यांचा असतो. वर्तमानपत्रांच्या आरोग्य-पुरवण्या, जाहिराती आणि विज्ञान सोपे करून सांगणारे लेख यांतून तो उतरवलेला असतो. तेव्हा त्याची तपासणीही मोठ्यांनीच करायला हवी.

माझा आक्षेप हळदीवर नाही, तिच्या नावाने काढल्या जाणाऱ्या निष्कर्षांवर आहे. 'हळद' या एका शब्दाखाली आपण चार वेगळ्या वस्तू एकत्र करतो : फोडणीतली चिमूट, प्रयोगशाळेच्या बशीतले शुद्ध कर्कुमिन, औषधाच्या दुकानातली कॅप्सूल आणि बाजारातली सुटी पूड. मग एकीचा पुरावा दुसरीच्या खात्यावर जमा होतो, आणि तिसरीचा धोका मात्र कुणाच्याच खात्यावर लागत नाही.

पेटंटने काय ठरले?

'अमेरिकेने मान्य केले' या वाक्याचे मूळ एका खटल्यात आहे. जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर करण्यावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) त्याला आव्हान दिले. परिषदेने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुरावा म्हणून सादर केले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. ही लढाई महत्त्वाची होती. पारंपरिक ज्ञानाची नोंद करून ठेवण्याच्या कामाला त्यातून मोठी चालना मिळाली.

पण पेटंट कार्यालयापुढचा प्रश्न कोणता होता? 'ही कल्पना नवी आहे काय?' एवढाच. उत्तर आले, नवी नाही. भारतात ती पूर्वीपासून माहीत आहे. हळदीने जखम खरोखर किती लवकर भरते, हा प्रश्न त्या निर्णयाने सोडवला नाही. एखादी समजूत जुनी आहे हे सिद्ध होणे आणि ती खरी आहे हे सिद्ध होणे, या दोन गोष्टी वेगळ्या. तक्त्यावरचे वाक्य त्या एक करून टाकते.

बशीतून शरीरात

हळदीचा पिवळा रंग मुख्यतः कर्कुमिन आणि त्याच्या दोन भावंड-रेणूंमुळे येतो. हळदीच्या पुडीत कर्कुमिनाचे प्रमाण साधारण तीन टक्के असते. जातीनुसार ते कमी-जास्त होते. या रेणूवर हजारो शोधनिबंध निघाले आहेत. बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर कर्कुमिन टाकले की त्या मरतात, असे त्यांतील कितीतरी निबंध सांगतात. बातमी इथे तयार होते.

या बातमीपुढे दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे हा रेणू प्रयोगालाच चकवतो. तो स्वतः चकाकतो, अनेक प्रथिनांना सरसकट चिकटतो आणि रक्ताइतक्या किंचित अल्कधर्मी द्रावणात थोड्याच वेळात विघटित होतो. त्यामुळे चाचणीत काही घडल्याचे दिसते, पण ते औषधी गुणामुळे की या खोड्यांमुळे, हे सांगता येत नाही. 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री' या नियतकालिकात २०१७ मध्ये आलेल्या विस्तृत समीक्षेने हाच मुद्दा मांडला. काही निबंधांची विश्वासार्हताही टिकली नाही. या क्षेत्रात सर्वाधिक उद्धृत होणाऱ्यांपैकी एक असलेले टेक्सासमधील संशोधक भरत अगरवाल यांचे वीसहून अधिक निबंध नियतकालिकांनी मागे घेतले.

दुसरी अडचण शोषणाची. कर्कुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि आतड्यातून जे थोडेफार आत जाते त्याचे रूप आतडे व यकृत लगेच बदलून टाकतात. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना दोन ग्रॅम कर्कुमिन दिले, तरी रक्तात ते नगण्य किंवा मोजताही न येण्याइतके आढळले. सोबत मिऱ्यातले पिपरीन २० मिलिग्रॅम दिल्यावर शोषण वीसपट वाढले. 'वीसपट'चा आकडा जाहिरातीत झळकतो. कशाच्या वीसपट, हे तिथे लिहिलेले नसते.

याचा अर्थ माणसांवरच्या चाचण्यांत काहीच हाती लागले नाही असाही नाही. गुडघ्याच्या संधिवातात कर्कुमिनाने वेदना काहीशा कमी झाल्याचे अनेक लहान चाचण्यांत दिसले आहे. थायलंडमधील २०२३ च्या एका चाचणीत अपचनाच्या तक्रारीवर कर्कुमिन आणि ओमेप्रॅझोल यांचा परिणाम सारखाच आढळला. पण त्या चाचणीत निव्वळ बनावट गोळी घेणारा गट नव्हता, आणि अपचनाची तक्रार तर बनावट गोळीनेही बरीच कमी होते. तेव्हा 'आशा आहे, खात्री नाही' एवढेच प्रामाणिक उत्तर. कर्करोगाबाबत तर उपचार म्हणून हळदीवर विसंबावे असा पुरावा नाही, आणि तिच्या भरवशावर उपचार लांबवणारा रुग्ण जिवाशी खेळतो.

चिमूट आणि कॅप्सूल

आता धोक्यांकडे वळू. इथे एक सोपे गणित वर्गात करून घेता येईल. माणशी रोज दोन ग्रॅम हळद पोटात जाते असे धरू. तीन टक्क्यांच्या हिशेबाने कर्कुमिन झाले ६० मिलिग्रॅम. बाजारातल्या ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ९५ टक्के कर्कुमिन असेल, तर ते ४७५ मिलिग्रॅम भरते. म्हणजे एका कॅप्सूलमागे जवळजवळ सोळा ग्रॅम हळद, एका माणसाचा आठ दिवसांचा वाटा. खाद्यरंग म्हणून कर्कुमिनाची आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने ठरवलेली रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे तीन मिलिग्रॅम आहे. साठ किलोच्या माणसासाठी ती १८० मिलिग्रॅम येते. 'पिढ्यान् पिढ्या खातोय, काय होणार?' हा युक्तिवाद चिमटीला लागू आहे, कॅप्सूलला नाही. कुठल्याच पिढीने एवढे कर्कुमिन रोज खाल्लेले नाही, तेही शोषण वाढवणाऱ्या पिपरीनसह.

परिणाम दिसू लागले आहेत. औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतील संशोधकांनी २०२२ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्यांशी जोडलेल्या दहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. पाच जणांना रुग्णालयात ठेवावे लागले, एक दगावला. दहांपैकी सात जणांत एक विशिष्ट जनुकरूप आढळले. म्हणजे हा धोका सर्वांना सारखा नाही. इटलीतही २०१९ मध्ये अशा गोळ्यांनंतर यकृतदाहाचे रुग्ण आढळले होते. घेणाऱ्यांच्या मानाने ही संख्या थोडी आहे, पण 'नैसर्गिक म्हणून निर्धोक' या समजुतीला तडा देण्यास पुरेशी आहे. पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी, रक्त पातळ करण्याचे औषध चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा गोळ्या घेऊ नयेत. भाजी-आमटीतल्या हळदीची धास्ती मात्र कुणी घेऊ नये.

पिवळ्यात मिसळलेले पिवळे

सगळ्यात गंभीर धोका हळदीचा नाहीच. हळकुंडे उजळ दिसावीत म्हणून काही ठिकाणी त्यांना पिवळे शिसे क्रोमेट चोळले जाते. शिसे लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवते आणि झालेली हानी भरून येत नाही. भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंका या देशांतील २३ शहरांतून घेतलेल्या नमुन्यांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे १४ टक्के नमुन्यांत शिसे ग्रॅममागे दोन मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त होते. पाटणा, कराची आणि पेशावर येथील काही नमुन्यांत ते हजाराच्याही वर गेले. आपल्याकडची कायदेशीर मर्यादा दहा आहे. अशा बहुतेक नमुन्यांत शिसे आणि क्रोमियम यांच्या अणूंचे प्रमाण जवळपास एकास एक होते. रसायनशास्त्राच्या शिक्षकाला यातून गुन्हेगार ओळखता येईल.

यावर उपाय चालतो, हे बांगलादेशाने दाखवले. तिथे २०१९ मध्ये तपासलेल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडले होते. लोकांना माहिती दिली, बाजारात तपासणी केली, दंड केले आणि २०२१ पर्यंत हे प्रमाण शून्यावर आले. तक्त्यावर जागा द्यायची तर या गोष्टीला द्यावी.

शिक्षकांसाठी

मैदानावर मूल पडते, गुडघा फुटतो, आणि कुणीतरी हळद आणायला धावते. स्वयंपाकघरातली पूड निर्जंतुक नसते. वाळवताना, दळताना तिच्यात मातीतल्या जिवाणूंचे बीजाणू आलेले असतात. जखम स्वच्छ वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी, स्वच्छ कापडाने झाकावी आणि धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती ते पालकांना विचारावे. हळद लावल्याने 'उपचार झाला' असे वाटते आणि लस राहून जाते, हे नुकसान मोठे आहे.

हळद वर्गातून हद्दपार करण्याचे मात्र कारण नाही. सोड्याच्या पाण्याने ती लाल होते. हळदीपासून कुंकू होण्यामागे हेच रसायन आहे. स्पिरिटमध्ये काढलेल्या तिच्या अर्कावर नोटा तपासायचा जांभळा दिवा धरा, तो हिरवट-पिवळा चकाकेल, आणि हा रेणू प्रयोगांना कसा फसवतो ते मुलांना डोळ्यांनी दिसेल. पुडीतल्या शिशाचे लहान प्रमाण शाळेतल्या चाचणीत कळत नाही, त्याला सुसज्ज प्रयोगशाळा लागते, हेही सांगावे.

आणि गुणांच्या यादीतील प्रत्येक ओळीपुढे मुलांना तीन रकाने आखायला लावावेत : कोणती हळद? किती? कुणावर पाहिले? रकाने भरले तर ओळ राहील, नाही तर ती खोडावी.