झोपलेल्या बाळाच्या मेंदूचं संपादन

२०१५च्या एप्रिलमध्ये एक चित्र बरंच फिरलं होतं. तान्ह्या बाळाच्या मेंदूचे करडे काप, त्यांवर पिवळे-नारिंगी डाग. जोडीला मोठ्या माणसाच्या मेंदूचे काप आणि जवळपास तसेच डाग. ऑक्सफर्डच्या रेबेका स्लेटर आणि सहकाऱ्यांनी एक ते सहा दिवसांच्या दहा बाळांना आणि दहा प्रौढांना तळपायावर हलकंसं टोचलं, पेन्सिलीचं टोक लागावं इतपत, आणि त्याच वेळी फंक्शनल एमआरआय काढला. वेदनेच्या वेळी प्रौढांच्या मेंदूतले जे २० भाग सक्रिय झाले, त्यांतले १८ बाळांमध्येही झाले. तेही प्रौढांच्या एक चतुर्थांश जोराने टोचल्यावर. बातम्यांचे मथळे सोपे होते: बाळांनाही दुखतं.

कुठलीही आजी म्हणेल, हे कळायला मशीन कशाला हवं? पण १९८०च्या दशकापर्यंत इंग्लंड-अमेरिकेत नवजात बाळांवर, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर, नावापुरती भूल देऊन शस्त्रक्रिया होत असत. स्नायू शिथिल करणारं औषध द्यायचं, म्हणजे बाळ हलत नाही. वेदनाशामक मात्र द्यायचं नाही. इंदूरमध्ये डॉक्टर झालेले कंवलजीत आनंद ऑक्सफर्डला यावर काम करत होते. फेंटानिल मिळालेल्या बाळांच्या शरीरात ताणाची रसायनं कमी वाढतात आणि नंतरची गुंतागुंतही कमी होते, हे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९८७मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. यात मेंदूचं एकही चित्र नव्हतं. न हलणारं बाळ म्हणजे न दुखणारं बाळ, असं जे वाचन चालू होतं, ते रक्ताच्या तपासण्यांनी खोडून काढलं.

न हलणारं बाळ. हे शब्द लक्षात ठेवा, कारण ते पुन्हा येणार आहेत.

आता ज्या मजकुराबद्दल मला खरं बोलायचं आहे तो. २०२०मध्ये ‘न्यूरोइमेज’ या नियतकालिकात शॉन फिट्झगिबन आणि सहकाऱ्यांचा एक लांबलचक निबंध आला. लंडनचं किंग्ज कॉलेज, इम्पिरियल कॉलेज आणि ऑक्सफर्ड यांनी मिळून चालवलेल्या ‘डेव्हलपिंग ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्ट’मध्ये शेकडो नवजात बाळांचे स्कॅन झाले. त्या कच्च्या मालावर कोणती प्रक्रिया केली, हे त्यात टप्प्याटप्प्याने सांगितलंय. वरवर पाहता रटाळ. मी तो दोनदा वाचला, आणि दुसऱ्यांदा वाचताना तो मला संपादकाच्या टिपणवहीसारखा वाटला. जुन्या पोथीची संपादित प्रत हातात आली की आपण विचारतो ना, कोणते पाठभेद गाळले, कुणी आणि का? तोच प्रश्न इथे विचारायचा.

आधी देखावा पाहा. बाळाला पाजायचं, दुपट्यात गुंडाळायचं, कानांत दातांचे डॉक्टर वापरतात तसली लगदीची बुचं बसवायची, वर इअरमफ, आणि ते आपोआप झोपण्याची वाट पाहायची. गुंगीचं औषध नाही. मग सुमारे १५ मिनिटं मशीन खडखडत राहतं आणि दर ०.३९२ सेकंदाला अख्ख्या मेंदूची एक प्रतिमा, अशा २३०० प्रतिमा घेतं. बाळ उचकी देतं, चोखल्यासारखं करतं, मान फिरवतं. डोकं दोन मिलिमीटर सरकलं तरी एका ठिपक्याचं मोजमाप दुसऱ्या ठिपक्याच्या नावावर पडतं.

प्रौढांसाठी लिहिलेली सॉफ्टवेअर इथे सपशेल आपटतात. नवजात मेंदूत चेतातंतूंवर मायलिनचं वेष्टण जेमतेम चढायला लागलेलं असतं, त्यामुळे प्रौढाच्या चित्रात जे उजळ ते बाळाच्या चित्रात काळपट आणि काळपट ते उजळ. जुना प्रोग्रॅम पांढऱ्या भागाला करडा समजून बसतो. रक्तप्रवाहाचा प्रतिसादही बाळात उशिरा वर चढतो. आणि मेंदू आठवड्याला बदलतो, म्हणून या गटाने गर्भावस्थेच्या प्रत्येक आठवड्यासाठी वेगळा नमुना-मेंदू वापरला. ३७ आठवड्यांच्या बाळाची तुलना ४४ आठवड्यांच्या नकाशाशी करायची नाही. बाळाला छोटा प्रौढ न मानण्याची ही शिस्त मला या निबंधातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. आपल्या बालसाहित्याला ती क्वचितच जमते.

यानंतर येतो गाळण्याचा टप्पा. गणिताने स्कॅनचे अनेक स्वतंत्र घटक पाडले जातात. कोणता घटक मेंदूचा आणि कोणता हालचालीचा किंवा मशीनचा, हे आधी काही बाळांच्या बाबतीत माणसं डोळ्यांनी बघून ठरवतात. ती यादी पाहून संगणक शिकतो आणि उरलेल्या बाळांचं ‘नॉइज’ स्वतः काढून टाकतो. ‘स्वयंचलित’ या शब्दामागे असा कुणाचा तरी डोळा असतो. निबंध हे लपवत नाही, हे त्याचं मोठेपण.

इतकं सोवळं कशासाठी, तर या क्षेत्राने एकदा मार खाल्लेला आहे. मूल वाढतं तशी मेंदूतली जवळची नाती सैल होतात आणि दूरची घट्ट होतात, अशी एक देखणी गोष्ट २०००च्या दशकात रूढ झाली. पुढे २०१२मध्ये जोनाथन पॉवर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की नुसत्या डोकं हलण्यानेही नेमका हाच आभास निर्माण होतो: जवळची नाती फुगतात, दूरची खालावतात. लहान मुलं जास्त हलतात. म्हणजे ‘विकासा’चा काही भाग मुलं स्थिर पडून राहायला शिकली एवढाच होता. मजा म्हणजे हे ज्या प्रयोगशाळेने दाखवलं, त्या गोष्टीच्या प्रसारातही तीच पुढे होती. मराठीत स्वतःचं जुनं पुस्तक असं सोलून काढणारा लेखक मला चटकन आठवत नाही.

तर हालचाल काढून टाकायला हवी, यात वाद नाही. माझा आक्षेप त्याच्या पुढचा आहे. नवजात बाळ झोपेचा निम्मा वेळ सक्रिय झोपेत असतं. पापण्या थरथरतात, बोटं उडतात, ओठ हलतात. आयोवा विद्यापीठाच्या मार्क ब्लुमबर्ग यांनी उंदराच्या पिल्लांमध्ये दाखवलंय, की झोपेतले हे झटके मेंदूला परत संदेश पाठवतात. झटका आधी, मेंदूतली हालचाल नंतर. आपले हातपाय कुठे आहेत हे पिल्लू बहुधा असंच शिकत असतं. माणसाच्या बाळात असंच असेल, तर हालचालीशी जुळणारं सगळं पुसताना आपण हालचालीने घडवलेला मेंदूही थोडा पुसतो. उरतो तो शांत, गाळीव मेंदू. त्याला ‘नवजात मेंदूची विश्रांतीतली अवस्था’ म्हणणं मला घाईचं वाटतं. पुन्हा एकदा न हलणाऱ्या बाळालाच आपण प्रमाण मानतोय.

फॅमिली ग्रुपवर येणाऱ्या गर्भसंस्काराच्या जाहिरातींत हेच रंगीत काप असतात. तिथे अमुक संगीताने ‘हा भाग उजळतो’ एवढंच लिहिलेलं असतं. कच्चा माल कुठला, गाळणी कुठली, याचा पत्ता नाही.

आता स्लेटर यांच्या चित्राकडे परत जाऊ. त्या १८ भागांत इन्सुला आहे, आणि बातम्या त्यावर भाळल्या. किंग्ज कॉलेजच्या तोमोकी अरिची आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा ईईजी आणि एमआरआय एकाच वेळी काढला. त्या वयात मेंदू आपणहून विजेचे जोरदार लोंढे सोडतो, आणि त्यांचा एक मुख्य उगम इन्सुलातच निघाला. कुणी टोचलेलं नसतानाही. तेव्हा इन्सुलावरचा पिवळा डाग एकटा वेदना सिद्ध करत नाही. जे दोन भाग बाळांमध्ये सक्रिय झाले नाहीत, त्यांत भावनांशी जोडला जाणारा अमिग्डाला आहे. त्याचा अर्थ भय अजून आलेलं नाही असा, की ते आपल्या गाळणीतून निसटलं असा? मूळ निबंधात ही गैरहजेरी नोंदवलेली आहे. मथळ्यांनी ती वगळली.