परिक्रमेची वाट : दोन प्रवासलेखने

नर्मदेला उजव्या हाताशी ठेवून, पात्र न ओलांडता चालायची परिक्रमेची वाट रम्य खरी. पण ही रम्यताच लेखकाला भुलवते. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’त चालणाऱ्याने आपले नावही मागे ठेवले आहे. साहजिकच ती वाट प्रामुख्याने आत्मशोधाची होते आणि काठाचा इतिहास पार्श्वभूमीला जातो.

अमृतलाल वेगड मुळात चित्रकार, शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकलेले. १९७७ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी टप्प्याटप्प्याने परिक्रमा आरंभिली. त्यांच्या ‘सौंदर्यनी नदी नर्मदा’ या गुजराती ग्रंथास २००४ चा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला. शीर्षकातील ‘सौंदर्य’ मात्र काहीसे फसवे आहे. याच काठी रावेरखेडी येथे १७४० मध्ये पहिले बाजीराव निवर्तले. महेश्वर ही अहिल्याबाईंची राजधानी. (मराठी वाचकाचे मन तेथे रेंगाळणारच.) वेगडांचे बळ अशा थोर नावांत नाही. रात्रीपुरता आसरा देणारे घर, घाटावरची माणसे, परकम्मावासीला शिधा देण्याची रीत यांच्या साध्या नोंदींत शतकांचा व्यवहार जिवंत होतो.

पुढे बरगी, इंदिरा सागर आणि सरदार सरोवर या धरणांच्या जलाशयांखाली त्या वाटेचे मोठे भाग गेले. निसर्गवर्णन म्हणून लिहिलेली पाने आता दस्तऐवज म्हणून वाचावी लागतात. हे मोल केवळ काळाने बहाल केले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. चित्रकाराची नजर तपशील गाळत नाही. म्हणूनच बुडालेल्या काठाची वळणे त्या गद्यात अद्याप ओळखू येतात.